रुखवतातली अंबाडी

‘माय मरो पण मावशी जगो.’ ही म्हण ज्यानं कुणी काढली, तो मला भेटलाच कुठं तर त्याच्या तोंडात टर्पेन्टाइनचा बोळा कोंबीन मी. लातुरात आमच्या दारात जी बाई येते ती हेच म्हणते, चहा पिते आणि डोळ्याला पदर लावून जाते. माझी ताई राजकन्या, आईची राजू, मेली. तिची पोरगी रेणू मागं राहिली. आणि मी सत्यशीला, रेणूची मावशी, बिनलग्नाची, सगळ्यांच्या डोळ्यापुढं आयती उभी. झालं की मग! एकीच्या जागेवर दुसरी बसवायची. नवरा तोच, सासू तीच, नांदेडचं घर तेच, परसातली कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा तीच.

ज्या माणसाला मी इतकी वर्षं ‘दाजी’ म्हणले, ताईच्या लग्नात ज्याचे जोडे लपवून मांडवभर पळले, त्याला आता ‘अहो’ म्हणायचं. कुणाला काही वाटून नाही राहिलं बघा! वर म्हणतात, चांगला आहे की उद्धव, सरकारी नोकरी, सुपारीचं खांडसुद्धा खात नाही. नसंल खात. आईनं सांगितल्याशिवाय तो पाणीसुद्धा पीत नाही, सुपारीचं काय घेऊन बसलात.

मी ‘न्हाई’ म्हणले होते. हळू नाही, चार घरांना ऐकू जाईल असं म्हणले होते. तर ताईच्या सासूनं, तुळजाबाईनं, फोन केला. ‘नसंल करायचं तर ऱ्हाऊ द्या. आम्ही दुसरी बगतो. मग ती नवी रेणूला आजोळी पाठवंल का न्हाई ते तिच्या मनावर. आमच्याकडं नका येऊ रडत.’ रेणू म्हणजे केवढी हो? अजून तिला ‘र’ म्हणता येत नाही. आजोळी आली की ती माझ्या बोटाला धरून झोपते. त्या फोननंतर मी गप्प झाले. आणि आमच्याकडं पोरगी गप्प बसली की ती ‘हाव’ म्हणाली असं धरतात. दुसऱ्या दिवशी बापानं पेढे आणले.

आता ताईचं काय झालं ते सांगते. ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

तेव्हा मी नांदेडलाच होते, चित्रकलेची पदविका करत होते. विष्णुपुरीकडं मैत्रिणीसोबत खोली घेतली होती. ताईला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. एका सकाळी दाजींचा फोन आला, ‘ताईला जरा त्रास झाला, दवाखान्यात आणलंय. घरी जाऊन रेणूला घे, शेजारी ठेवलीय. किल्लीबी तिथंच हाय. तिचे कपडे घेऊन ये.’ मी गेले. शेजारणीनं रेणू दिली, किल्ली दिली. रेणूचे कपडे वाळत असतील म्हणून मी परसात गेले. दोरीवर एकच चादर होती.

फिकट पिवळी चादर. ताईच्या लग्नाला आईनं स्वतः शिवलेली, चारी बाजूंनी हिरव्या दोऱ्याचा टाका घातलेली. ताईच्या रुखवतात मांडली होती ती, बायका हात लावून बघत होत्या. त्या चादरीच्या मधोमध परातीएवढा डाग होता. काळपट लाल. घासून घासून कडेनं फिकट केलेला, मधे हटलेला नाही. चादर मधे ओली होती, पण काठ वाळून कडक झाले होते.

म्हणजे समजलं का? काठ वाळायला ऊन लागतं, वारा लागतो, वेळ लागतो. माझ्या ताईच्या अंगावरून रक्त चाललं होतं, आणि त्या घरात तिच्या अंगाखालून चादर ओढली, साबण लावला, घासली, पिळली, झटकून वाळत घातली, आणि मग गाडी बघायला गेले! मी दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टर दाजींना म्हणाले, ‘इतका वेळ काय करत होता तुम्ही?’ दाजी म्हणाले, ‘लगेच आणलं साहेब.’ त्यांच्यामागं तुळजाबाई उभी होती, हाताला निळ्या साबणाचा वास. दुपारपर्यंत ताई गेली.

मी तिथंच दवाखान्याच्या आवारात बापाला सगळं सांगितलं. माझे वडील, अण्णाराव, शाळामास्तर. जन्मभर पोरांना ‘खरे बोलावे’ फळ्यावर लिहून दिलेलं. ते काय म्हणाले? ‘सत्या, तोंड आवर. आपलेच दात आन् आपलेच ओठ. रेणू हाय त्या घरात. आईला तर बोलूच नकोस, तिचं बीपी तुला ठाऊक हाय. बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील.’ झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणे. त्या मुठीत माझी बहीण होती हो! दहाव्याला नांदेडला गेले तेव्हा ती चादर घरात कुठंच नव्हती. राहिलं ते फक्त माझ्या डोळ्यात.

मग मी ते चित्र काढलं.

चादर काढायला बसले होते, खरं सांगते. हात चालेना. चौकोन काढला की हात थांबायचा. आणि एके दिवशी भोकरच्या रस्त्याला तुरीच्या कडेनं लावलेली अंबाडी दिसली, फुलावर आलेली. अंबाडीचं फूल बघितलंय ना? फिकट पिवळ्या पाकळ्या, आणि मधे गळ्यात काळपट लाल डाग. मला रस्त्यावर ती चादरच दिसली. गरोदरपणात ताईनं अंबाडीची भाजी मागितली होती, ‘आंबट खावंसं वाटतंय’ म्हणून. तुळजाबाई म्हणाली, ‘दुसऱ्या खेपेला कसले डोहाळे? नखरे हायत.’ त्या रात्रीपासून मी कॅनव्हासवर अंबाडी घातली. ब्रश टाकून दिला. सुरी घेतली, शेवटी बोटं घेतली. पिवळा थापला, पाकळ्या पिळून काढल्यासारख्या लोंबत्या ठेवल्या, वरून आडवी काळी रेघ मारली दोरीची, खालच्या काठाला हिरवे टाके दिले. आणि मधे तो डाग. किरमिजी, तपकिरी, काळा, एकावर एक, इतका जाड की त्याला हात लावला तर बोट आत जाईल.

आमचे अंबरीश सर वर्गात सांगायचे, ‘फूल दिसतं तसं काढायला मोबाईल आहे. फूल बघून तुमच्या पोटात काय होतं ते काढा. अभिव्यक्तिवाद म्हणजे दुसरं काही नाही.’ चांगलं सांगायचे, नाव ठेवत नाही. पण हेच सर माझ्या चित्रापुढं उभे राहिले, चष्मा वर केला आणि म्हणाले, ‘वा! स्त्रीत्वाचा बहर! गाभ्यात काय धग आहे! याला नाव दे, यौवन.’ यौवन! माझ्या मनात आलं, तो पिवळा रंग उचलावा आणि सरांच्या शर्टाला पुसावा. कॉलेजच्या प्रदर्शनात चित्राला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. जो आला तो म्हणाला, छान, बोल्ड आहे, हॉलमध्ये शोभेल. मेल्यांनो, तुमच्या हॉलमध्ये माझी बहीण टांगू का?

चित्र लातूरला आणून आईला दाखवलं. माझी आई नीलाबाई शिकलेली नाही फार, पण रंग कळतो तिला, दोरा निवडताना बघा तिला. ती बराच वेळ बघत राहिली. माझ्या मनात आलं, आता सांगावं. आई म्हणाली, ‘अंबाडी ना? लई चांगली काढलीस. ताईला आवडायची. पण मधलं ते काळं जरा कमी कर गं. फुलात एवढं काळं कुठं असतं?’ बापानं पेपरातून माझ्याकडं बघितलं. मी चित्र उचललं आणि माझ्या खोलीत भिंतीला तोंड करून ठेवलं.

लग्नाची तारीख निघाली. लातुरातच, छोटं कार्यालय, मोजकी माणसं, बिजवराचं लग्न म्हणून वाजंत्री नाही. पण रुखवत पाहिजेच! तुळजाबाईनं निरोपच धाडला होता, ‘रुखवत नीट मांडा. पहिल्यापेक्षा कमी दिसू नये.’ पहिल्यापेक्षा! आई माझ्या मागं लागली, ‘सत्या, तुझ्या हातचं काहीतरी कर ना. दोन तोरणं, एखादा मोत्याचा गणपती. एवढी चित्रकलेची पोरगी, आन् रुखवतात हातचं काही न्हाई म्हणलं तर नाव ठिवतील.’ मी म्हणले, ‘माझ्या हातचं पाहिजे असंल तर हात तोडून मांड.’ आई रडली. मला तिचाही राग आला आणि तिची दयाही आली, पण हात काही चालवला नाही.

तर आईनं काय केलं असेल?

लग्नाच्या दिवशी सकाळी हळद लागली. मी हळदीच्या ओल्या अंगानं पिवळं लुगडं नेसून बाहेर आले आणि रुखवताच्या टेबलाकडं बघितलं. कुरडयांचा डोंगर, साखरेची खेळणी, थर्माकोलची बैलगाडी, आणि मधोमध माझं चित्र. सोनेरी फ्रेममध्ये! फ्रेमला चमकीची लेस! आणि पाकळ्यांवर, माझ्या ताईच्या चादरीवर, आईनं फेविकॉलनं पांढरे मोती चिकटवले होते. खाली चमकीच्या अक्षरांत, ‘नवरीच्या हातची कला’.

‘दवबिंदू केलेत,’ आई म्हणाली. तिच्या बोटांना अजून चमकी होती. ‘उगं उदास दिसत होतं. आता कसं टवटवीत वाटतंय. रागावू नकोस माय, माझ्याकडं दुसरं काही नव्हतं तुझ्या हातचं.’

बाप कोपऱ्यात फेटा बांधून घेत होता, त्यानंही बघितलं. फेटेवाल्याच्या हातात त्याचं डोकं हललं. तो म्हणाला, ‘ते चित्र काढून ठिवा, गर्दी होऊन राहिली टेबलावर.’ आई म्हणाली, ‘तुम्ही फेटा बांधा, बायकांच्या कामात लक्ष घालू नका.’ मला हसू आलं. त्या दिवशीचं तेवढंच.

रुखवत बघायला नवऱ्याकडच्या बायका आल्या. पुढं तुळजाबाई, हिरवा शालू, कडेवर रेणू. पोरीच्या कानात ती मला दाखवून सांगत होती, ‘बग, आई आली बग. मावशी न्हाई म्हणायचं, आई म्हणायचं. म्हण, चाकलेट देते.’ रेणू म्हणाली, ‘मावची.’ तुळजाबाईनं तिच्या दंडाला हलकासा चिमटा घेतला. मी बघितलं. रेणूनं ओठ काढले पण ती रडली नाही. केव्हाची शिकली असेल ती न रडायला?

तुळजाबाई टेबलाच्या एका टोकानं बघत निघाली. कुरडया बघितल्या, ‘तेलकट हायत.’ बैलगाडी बघितली, ‘बाजारची हाय.’ मग ती चित्रापुढं आली.

ती थांबली. मग तिनं रेणूला खाली ठेवलं, पोर अशी टाकलीच जवळजवळ, आणि एक पाऊल मागं सरली. रेणू धावत येऊन माझ्या लुगड्याला बिलगली.

‘हे कामून लावलं हितं?’

‘कोणतं?’ आई पुढं झाली. ‘ते व्हय? फूल हाय विहीणबाई, अंबाडीचं. आमच्या सत्यानं काढलंय. बक्षीस मिळालंय त्याला.’

‘फूल न्हाई ते. काढा. आधी काढा ते हितून.’

मागच्या बायका माना लांब करून बघायला लागल्या. एक म्हणाली, ‘अवो, फूलच की, मोती बी लावलेत.’ दुसरी म्हणाली, ‘जास्वंदासारखं दिसतंय.’ इतके दिवस सगळ्यांना त्यात फूलच दिसलं होतं. सरांना यौवन दिसलं, परीक्षकांना बोल्ड दिसलं, आईला दव पाडायची जागा दिसली. माझ्या चित्राचा अर्थ बरोबर कळलेली सगळ्या जगात एकच बाई निघाली, आणि ती ही! माझ्या अंगातली सगळी भीती गेली.

मी म्हणले, ‘का काढायचं? फूलच हाय की आत्या. बघा नीट.’

‘मला येडी समजती का गं?’ ती माझ्या अंगावर आली. ‘दोरी बी काढलीस, काठ बी काढलास. आम्हाला बदनाम करायला काढलंस व्हय? काय गुन्हा केला म्या? एक चादर धुतली तर गुन्हा झाला का? घरात ते तसंच घाण ठिवायचं व्हतं का मग?’

कार्यालयात भटजी मंत्र म्हणत होते, तेही थांबले.

‘कंची चादर?’ आई म्हणाली.

आईनं तुळजाबाईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग चित्राकडं. ती वाकली. आपलंच बोट तिनं चित्राच्या खालच्या काठावर ठेवलं, त्या हिरव्या रेघांवर, आणि एकेक टाका मोजल्यासारखं बोट पुढं नेलं.

‘हा टाका माझा हाय,’ ती म्हणाली. ‘राजूच्या चादरीला घातलेला.’ आणि मग मान वर न करता, अगदी साध्या आवाजात, ‘कवा धुतली, विहीणबाई?’

‘कवा म्हंजे? त्याच दिशी. सकाळी.’

‘दवाखान्यात न्यायच्या आधी का मागून?’

‘आधीच की! गाडी आली म्हंजे गाडीवाला येणार, शेजारपाजार गोळा होणार, चार लोकं घरात घुसणार. तसल्या चादरीवर दाखवायची का सून? घरची अब्रू न्हाई का काही?’

ती हे ओरडून बोलली, आणि बोलून झाल्यावर तिला कळलं आपण काय बोललो. तिनं पदर तोंडाला लावला. तिच्या मागच्या बायका तिच्यापासून थोड्या बाजूला झाल्या.

मुंडावळ्या बांधलेले दाजी धावत आले. ‘काय झालं? आई, काय झालं?’ मी त्यांच्यासमोर उभी राहिले. पायाला रेणू, अंगभर हळद. ‘दाजी, आत्या चादर धूत होत्या तेव्हा तुम्ही कुठं होतात?’ त्यांनी आईकडं बघितलं. तेव्हाही आईकडंच! मग खाली बघून म्हणाले, ‘आई म्हणली बायकांचं असतं, आत नको येऊ. मी बाहेर बसलो होतो. राजकन्या हाका मारत होती, पण... आई म्हणली होती ना.’

हाका मारत होती. हे मला ठाऊक नव्हतं. इतके दिवस मला वाटत होतं, ताईची शुद्ध हरपली असेल. मी हात उगारला होता, पण तो पडायच्या आधीच माझ्या आईचा आवाज आला, आणि तो दाजींवर नव्हता.

‘अवो,’ ती बापाला म्हणाली. ‘तुम्हाला ठावं व्हतं?’

बापाच्या डोक्यावर अर्धा बांधलेला फेटा, एक टोक खांद्यावर. ‘नीले, तुझं बीपी...’

‘ठावं व्हतं का न्हाई?’

बाप खुर्चीवर बसला. एवढं उत्तर आईला पुरलं. तिनं त्याच्याकडं पुन्हा बघितलं नाही, अजूनही नीट बघत नाही.

दाजी म्हणाले, ‘बरं, लग्न राहू द्या. आम्ही निघतो. रेणू, चल.’ रेणूनं माझं लुगडं दोन्ही मुठींत धरलं. आई तिच्या आणि दाजींच्या मधे येऊन उभी राहिली. पाच फुटांची बाई, बीपीची गोळी कमरेच्या पिशवीत. ‘पोर हितंच ऱ्हाईल. न्यायची असंल तर पोलीस घेऊन या जावईबापू. आम्हालाबी त्येंच्यापाशी बोलायचंच हाय. तुमची आई जे आत्ता बोलली ते एवढ्या मंडळींनी ऐकलंय.’ तुळजाबाई काही बोलायला गेली, तर तिच्याच नात्यातली एक म्हातारी म्हणाली, ‘चला आता, लई अब्रू राखली.’ ते गेले. मी अंगठीपासून हिरव्या चुड्यापर्यंत सगळं त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर टाकलं, वाकून, एकेक. चुडा फुटला. बरं झालं.

जेवणं तशीच झाकून राहिली. पाहुणे गेले. बाप कुठं तरी निघून गेला होता, मी विचारलं नाही. रेणू दोन खुर्च्या जोडून झोपली होती. मी तोंडावरची हळद धुऊन आले तर आई रुखवताच्या टेबलापुढं बसलेली. फ्रेमची लेस तिनं ओरबाडून काढली होती, अक्षरं काढली होती, आणि आता ती नखानं एकेक मोती उचकटत होती. फेविकॉल घट्ट बसलं होतं. मोत्याबरोबर पिवळा रंगही निघत होता, तिची नखं पिवळी झाली होती.

‘राहू दे आई,’ मी म्हणले. ‘रंग निघून राहिला.’

तिनं ऐकलं नाही. शेवटचा मोती काढला, ताटात टाकला, आणि ओल्या पदरानं डोळे पुसून कितीतरी वेळ चित्राच्या मधोमध बघत राहिली.

‘सत्या,’ ती म्हणाली, ‘मधलं काळं अजून मोठं काढायला पाह्यजे होतंस गं.’